इंदूरहून ब्राइटहॉर्नला जायचं असेल तर

ब्राइटहॉर्न सोपं आहे, असं तुम्हालाही कुणीतरी सांगेल. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरचं हे शिखर ४,१६४ मीटर उंच, पण शेजारच्या क्लाइन मॅटरहॉर्न शिखराचा रोपवे तुम्हाला ३,८८३ मीटरवर नेऊन सोडतो. चढायचं उरतं जेमतेम २८० मीटर.

खरी अडचण त्या रोपवेचीच. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर. पायथ्याच्या झरमॅट गावाहून तासाभरात एवढं वर गेलं की पाय धड असतात, पण डोकं ठणकतं, मळमळतं. म्हणून १,६०० मीटरवरच्या झरमॅटला किमान दोन रात्री राहा. मधल्या दिवशी दातेरी रुळांच्या गाडीने ३,०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटला जाऊन दोन-तीन तास चाला. हा दिवस वाचवू नका.

तयारी मात्र इथेच होते. मी चार महिने दर रविवारी पाठीवर आठ किलो पाणी घेऊन इंदूरजवळची रालामंडल टेकडी चढले. वर पोहोचलं की पाणी झाडांना घालायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नाही.

जाडे हातमोजे घालून बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दात, बांधायला शिका. मी ऐन मे महिन्यात गच्चीवर बसून बांधायचे, सासूबाई घड्याळ लावायच्या. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली, शेवटी तीन. वर, रोपवे आणि शिखराच्या मधल्या बर्फाच्या पठारावर, माझा डावा पट्टा सुटलाच, आणि त्या वाऱ्यात हातमोजा काढायची सोय नव्हती.

ते पठार दिसतं आपल्या माळव्यासारखं सपाट, आणि तिथेच लोक दोर सोडून चालतात. असं अजिबात करू नका. ती हिमनदी आहे, बर्फाच्या पातळ थराखाली भेगा झाकलेल्या असतात. वाटाड्या घ्या, दोराला बांधून घ्या, दोर ताणलेला ठेवा. पहिला रोपवे पकडा, कारण उन्हं चढली की भेगांवरचा बर्फ भुसभुशीत होतो. शेवटच्या तीव्र चढावर पाय थोडे फाकून टाका, नाहीतर क्रॅम्पॉनचे दात विजारीत अडकतात. गुळपापडी आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात ती दगड होते.

माथ्यावर दक्षिणेला इटली, उत्तरेला स्वित्झर्लंड. उत्तरेच्या कडेला बर्फाची झालर हवेत पुढे आलेली असते. फोटोसाठीसुद्धा तिच्यावर पाय ठेवू नका.