खरूज : औषध सगळ्या घराला, एकाच रात्री

अंथरुणात शिरलं की खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती बारीक पुरळ दिसतं आणि घरात आणखी कुणी खाजवतंय? बहुधा खरूजच. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर तो ठणठणीत दिसतो, पण खरूज पसरवत असतो. म्हणून खाज नसलेल्यांनीही त्याच रात्री औषध लावायचं. एकट्यादुकट्याने लावलं की खरूज घरातच फिरत राहते.

1. सहसा 5 टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं. एक ट्यूब घरभर पुरवू नका. गरोदर बाई किंवा दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

2. सगळ्यांची नखं कापा. अंग कोरडं आणि गार असू द्या. मग मानेपासून तळपायापर्यंत मलम चोळा. बेचके, नखांखालची जागा, जांघ, जननेंद्रियं, ढुंगणाची खाच सुटता कामा नये. बहुतेकदा हीच राहतात. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना डोळे-तोंड वगळून चेहरा, कान आणि डोक्यालाही लावा.

3. आठ ते चौदा तास ठेवा. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा.

4. सकाळी अंघोळ. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कडकडीत पाण्यात दहा मिनिटं भिजवून धुवा, उन्हात वाळवा. धुता न येणाऱ्या गोधड्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा; अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांतच मरतो.

5. आठवड्याने सगळ्यांनी पुन्हा लावा, म्हणजे अंड्यांतून निघालेले किडेही मरतील.

किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यासाठी मलम रोज लावू नका, कातडी जळजळते. दुकानदाराने दिलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर नकोतच : पुरळ दबतं, किडे वाढतात.

खाजवून पू झाला तर दवाखाना गाठा. मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी न्या. जखमेतल्या जंतुसंसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते.