बोटॉक्सचा डोस वयावर मोजता? या चुका टाळा

‘चाळिशीत वीस युनिट लागली, मग साठीत चाळीस लागणार’ हा हिशेब बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्का असतो. मुळात तिथंच गडबड आहे. बोटॉक्स सुरकुती भरत नाही. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं आणि स्नायू सैल पडतो. म्हणून डोस ठरतो तो स्नायू किती जाड आणि जोरकस आहे यावर. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळालेला डोस पाच जागी चार-चार, म्हणजे एकूण २० युनिटांचा आहे. त्यात वयानुसार वाढ सांगितलेली नाही. दणकट स्नायूंच्या तिशीतल्या पुरुषाला एखाद्या आजीबाईंपेक्षा जास्त युनिटं लागू शकतात!

मग उतारवयात गुण कमी का दिसतो? बोटॉक्सच्या चाचण्यांतही पासष्टीपुढच्यांमध्ये तो कमीच दिसला होता. आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडा. तरीही रेघ दिसत असेल, तर ती आता त्वचेतच कोरली गेली आहे. युनिटं दुप्पट केली तरी ती पुसली जाणार नाही. तिथं फिलर (रेघ आतून भरून काढणारं इंजेक्शन), लेसर असे वेगळे उपाय लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक कपाळाची. वय वाढतं तशा पापण्या जड होतात, भुवया उतरतात, आणि नीट दिसावं म्हणून कपाळाचा स्नायू दिवसभर त्या उचलून धरतो. आडव्या आठ्या पडतात त्या यामुळे. त्या घालवायला भरपूर डोस दिला की आधारच जातो: कपाळ गुळगुळीत आणि डोळे मिटल्यासारखे. तुमचं कपाळ असा आधार देतंय का, ते असं पाहा: डोळे मिटून भुवया सैल सोडा, तळव्याने कपाळ घट्ट दाबा आणि मग डोळे उघडा. पापण्या जड वाटल्या, तर इंजेक्शनाआधी डॉक्टरांना हे जरूर सांगा. इथं डोस कमी करावा लागतो, कधी कपाळाला हात न लावणंच शहाणपणाचं.

इंजेक्शनानंतर भुवई उतरलीच, तर बहुतेक वेळा काही आठवडे वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. वरची पापणी झुकली असेल, तर डॉक्टर काही वेळा डोळ्यात घालायचे अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब देतात. तेवढ्यापुरती ती थोडी उचलली जाते.

चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. पूर्ण परिणामाला दोन आठवडे तरी द्या. पुढची खेप तीन महिन्यांच्या आत नको. ब्रँड बदलला तर जुना आकडा विसरा. डिस्पोर्टची ५० युनिटं म्हणजे बोटॉक्सची ५० नव्हेत.

साठीनंतर औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे काळे-निळे डाग पडतात, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर तो आधी सांगा. इंजेक्शनानंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.