जुना कंडेन्सर की नवा? माइकची तुलना करताना या चुका टाळा

गेल्या आषाढीच्या आधी जुळे सोलापुरातल्या आमच्या खोलीत मोहोळकडचं एक भजनी मंडळ अभंग रेकॉर्ड करायला आलं होतं. नेमका त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मित्राने त्याचा जुना कंडेन्सर (विजेवर चालणारा, बारीक आवाज टिपणारा स्टुडिओचा माइक), नॉयमन कंपनीचा यू ८७, दोन दिवसांसाठी माझ्याकडे दिला होता. शेजारी आमचा रोजचा, रोड कंपनीचा एनटी१-ए लावला आणि बुवांना दोन्ही ट्रॅक ऐकवले. बुवा म्हणाले, "हा पहिला माइक गळा ओळखतो हो. दुसऱ्यात मी लांब उभा राहून गातोय असं वाटतं." पहिला म्हणजे जुना. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

रात्री एकटा ऐकत बसलो तेव्हा घोळ लक्षात आला. दोन्ही ट्रॅकचे पीक (सर्वात मोठ्या आवाजाची टोकं) मी मीटरवर बघून सारखे केले होते. पण नव्या माइकच्या बाजूला टाळकरी बसले होते. त्या ट्रॅकवरचा पीक गळ्याचा नव्हता, टाळांचा होता. टाळ लाल दिव्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून मी गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) उतरवला आणि त्यासोबत बुवांचा गळा जवळजवळ २ डेसिबल खाली गेला. सकाळी गळ्याची पातळी सारखी केली, कोणता ट्रॅक कुठल्या माइकचा हे न सांगता पुन्हा ऐकवलं. या वेळी बुवांनी सुरुवातीच्या संथ आलापासाठी एक माइक निवडला आणि पुढच्या चढत्या लयीसाठी दुसरा.

तेव्हापासून कुणी "जुन्या माइकची सर नव्याला नाही" किंवा उलट "आता जुन्यात काय राहिलंय" असं म्हटलं की मी आधी तुलना कशी केली ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

पातळी सारखी न करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी तीच. एखादा ट्रॅक एक-दोन डेसिबलने मोठा असला तर कानाला तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. खर्ज भरलेला वाटतो, वरचे स्वर उजळ वाटतात, गायक जवळ आल्यासारखा वाटतो. जुन्या-नव्या माइकमध्ये हा फरक मुळातच मोठा असतो. मूळ यू ८७ १९६७ सालचा. १९८६ मध्ये त्याचीच यू ८७ एआय ही आवृत्ती आली. आतला सर्किट बदलला, कॅप्सूलला (आवाज टिपणाऱ्या आतल्या पडद्याच्या भागाला) मिळणारा व्होल्टेज वाढला आणि आउटपुट सुमारे १० डेसिबलने चढलं. बाहेरून बघितलं तर दोघे जुळे भाऊ. एकाच गेनवर दोन्ही लावून "नवा जास्त खुला वाटतो" म्हणणारे मी पाहिलेत. तो खुलेपणा नसतो, निव्वळ आवाज मोठा असतो.

पीक बघून जुळवू नका. फक्त गळा असलेला तुकडा निवडा आणि त्याची सरासरी लाउडनेस मोजा. आजकाल बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एलयूएफएसचा (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाचा) मीटर असतो. त्याहून पक्कं हवं असेल तर मीटरभर अंतरावर एक छोटा स्पीकर ठेवा, त्यातून पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा खळखळाट) सोडा आणि दोन्ही माइकची पातळी जुळवा. अर्धा डेसिबलही फरक राहू देऊ नका.

माइक एका जागी, गायक दुसरीकडे

दोन माइक शेजारी लावले आणि गायकाचं तोंड एकापासून १५ सेंटीमीटर, दुसऱ्यापासून २० सेंटीमीटर असलं तर नुसत्या अंतरानेच अडीच डेसिबलचा फरक पडतो. शिवाय कार्डिऑइड (मुख्यतः पुढचाच आवाज घेणारा) माइक जवळ गेला की खर्ज फुगवतो, तो फरक वेगळा. मग जवळचा माइक "उबदार" ठरतो आणि श्रेय जुन्या माइकमधल्या व्हॉल्व्हला (तापून सिग्नल वाढवणाऱ्या नळीला) जातं. कॅप्सूल शक्य तितक्या जवळ आणि एका उंचीवर आणा, एक माइक सरळ आणि दुसरा त्याच्यावर उलटा टांगून. एक टेक झाला की जागा बदलून दुसरा टेक घ्या. आवडता आवाज माइकसोबत गेला तर तो माइकचा. जागेवरच राहिला तर तो जागेचा.

दोन साध्या गोष्टी इथेच तपासा. मोठ्या डायफ्रामचे (पडद्याचे) बहुतेक माइक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. नॉयमनवर बिल्ला असलेली बाजू पुढची. गायकाने माइकच्या डोक्याकडे तोंड करून गायलेला अख्खा अभंग मी नंतर दुरुस्त करायचा प्रयत्न केलाय, तो होत नाही. दुसरं, पॅटर्नचा स्विच, म्हणजे माइकने कुठल्या बाजूचा आवाज घ्यायचा तो. नॉयमनच्या यू ४७ वर कार्डिऑइड आणि ओम्नी (चहूबाजूंचा) असे दोन पर्याय असतात. जुना ओम्नीवर आणि नवा कार्डिऑइडवर राहिला तर तुम्ही माइकची नाही, खोलीची तुलना करताय.

"जुना" म्हणजे एकच काहीतरी समजणं

इथे जरा थांबतो, कारण या गैरसमजात लोकांचे पैसे सर्वात जास्त जातात.

विंटेज म्हटलं की उबदार, मऊ, गोल असा शिक्का आपण मारतो. पण यू ४७ (१९४९) आणि एकेजी कंपनीचा सी १२ (१९५३) शेजारी ठेवून ऐका. पहिला मधल्या पट्टीत भरलेला, भारदस्त. दुसरा वरच्या स्वरांत हवेशीर, उजळ. दोन्ही जुने, दोन्ही व्हॉल्व्हचे आणि एकमेकांपासून खूप वेगळे. शिवाय जुन्या रेकॉर्डमधली जी ऊब आपल्या कानात बसलीय, तिच्यात टेपचा, कन्सोलचा, मोठ्या खोलीचा आणि गायकाला दोन फूट मागे उभं करण्याच्या पद्धतीचा वाटा असतो. तेवढं सगळं माइकच्या नावावर जमा करू नका.

दुसरी गोष्ट, तुमच्या हातातला जुना माइक आज कसा आहे? यू ४७ मधला व्हीएफ १४ हा व्हॉल्व्ह १९५० च्या दशकातच बनायचा बंद झाला. त्याच्या एम ७ कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा. तो वर्षानुवर्षांत कडक होतो, त्यावरचा सोन्याचा थर उडू लागतो. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या अनेक जुन्या माइकमध्ये व्हॉल्व्ह बदललेला, कॅप्सूल नवी किंवा पडदा नव्याने ताणलेला असतो. काम चोख असेल तर त्यात वाईट काही नाही. पण अशा माइकवरून "१९५० चा आवाज" कसा होता हे ठरवता येत नाही. ती एका नगाची परीक्षा असते, त्या काळाची नव्हे.

आता नव्या बाजूची गोष्ट, आणि ती फार कमी जण सांगतात. नॉयमनच्या यू ६७ (१९६०) मध्ये के ६७ ही कॅप्सूल बसवली. ती वरच्या स्वरांना मुद्दाम उचलते. आणि माइकच्या आतला सर्किट तेवढ्याच मापाने ते स्वर पुन्हा खाली आणतो. दोन्ही मिळून आवाज सपाट होतो. पुढे अनेक स्वस्त माइकमध्ये या कॅप्सूलची नक्कल आली, पण आतला सर्किट साधा ठेवला, स्वर खाली आणणारा भाग गाळला. परिणाम असा की "स" आणि "श" कानात टोचतात. "विठ्ठल" ऐकताना काही कळत नाही, "श्रीहरी" आलं की कळतं. लोक म्हणतात, नवे माइक कर्कश असतात. नवे माइक कर्कश नसतात. तो एका अर्धवट नकलेचा दोष आहे. त्याच किमतीच्या पट्टीत वेगळ्या बांधणीचे, शांत आणि सरळ आवाजाचे नवे माइक मिळतात.

शांततेच्या बाबतीत तर नव्यांनी जुन्यांना मागे टाकलंय. एनटी१-ए ची स्वतःची सरसर कंपनीच्या मोजमापात ५ डेसिबल, आजच्या यू ८७ एआय ची १२. जुन्या व्हॉल्व्हच्या माइकची याहून जास्त. दुरून एकतारी किंवा हलकी बासरी घ्यायची असेल तर हा फरक ऐकू येतो. तोंडाजवळ गाणाऱ्या खड्या गळ्याला त्याने काही फरक पडत नाही.

चादरी लावल्या म्हणजे खोली झाली, असं नाही

सोलापुरात राहून चादरीबद्दल वाईट बोलणं जिवावर येतं, पण बोलावं लागेल. आपल्याकडे खोली तयार करायची म्हणजे भिंतींवर जाड सोलापुरी चादरी ठोकायच्या आणि कोपऱ्यांत टेरी टॉवेलचे गठ्ठे. मीही तसंच केलं होतं. भिंतीला चिकटून लावलेली चादर फक्त वरचे स्वर खाते. खर्ज तसाच घुमत राहतो. अशा खोलीत प्रत्येक माइक बोदा आणि घुमणारा वाटतो. मग वरचे स्वर उचलणारा कर्कश नवा माइक अचानक "स्पष्ट" वाटू लागतो आणि एकेजीच्या सी ४१४ सारखा उत्तम माइक निव्वळ सपाट.

चादर भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे टांगा, दुहेरी-तिहेरी करून, चुण्या ठेवून. तेवढ्या अंतराने ती साधारण ८५० हर्ट्‌झपर्यंत खाली काम करू लागते. १०० हर्ट्‌झसाठी हेच अंतर ८५ सेंटीमीटर लागेल, म्हणजे तिथे चादरीचा उपयोग नाही. कोपऱ्यात दाट रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) जाड थप्पे उभे करावेच लागतात.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला खोली असेल तर यंत्रमागाची खटखट हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येते. ती स्टँडमधून थेट माइकमध्ये चढते. जुन्या माइकसोबत बऱ्याचदा मूळ शॉक माउंट (हादरे अडवणारी लवचीक पकड) नसतो आणि नव्यासोबत डब्यातच मिळतो. मग "जुन्यात घुरघुर फार" असा निकाल लागतो. दोन्ही माइकना सारखा शॉक माउंट द्या, स्टँडखाली जाड रबर ठेवा, मगच बोला.

जुना माइक बिघडलाय की फक्त ओलावलाय?

कॅप्सूलमधून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो की त्याला शेकडो मेगाओहमच्या वाटेनेही गळू द्यायचं नसतं. तिथे जरा ओल आणि धूळ एकत्र आली की वीज त्या चिखलातून वाट काढते. उन्हाळाभर आपल्याकडे कोरडी हवा असते, माइक गुपचूप धूळ खात राहतो आणि कुणाला कळत नाही. जूनपासून दमट हवा आली की तीच धूळ ओल धरते. तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, मध्येच एखादा फुसका स्फोट, मग काही वेळ आवाज दबलेला. ही ओलाव्याची खूण.

आधी केबल बदलून बघा. तरी तडतड राहिली तर माइक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवा. सकाळी आवाज स्वच्छ झाला तर दोष ओलाव्याचा होता. आठवडाभरात परत आला तर कॅप्सूलवर मळ आहे, जाणकाराकडून साफ करून घ्या. स्वतः फुंकर मारू नका, स्पिरिट लावू नका, कापूस फिरवू नका. तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका, तांदळाची पिठूळ धूळ जाळीतून आत जाते. एसीच्या गार खोलीतून माइक काढून बाहेरच्या दमट हवेत लगेच चालू करणंही तसंच. पेटीतच अर्धा तास राहू द्या.

सलग घुंई म्हणजे हम येत असेल तर माइकला दोष देण्याआधी त्याची पॉवर सप्लायची पेटी बघा. चाळीस-पन्नास वर्षांचे कपॅसिटर वाळलेले असतात. आणि आपल्या घराचं अर्थिंगही तपासा, माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चूक तिथेच सापडते. हम नसून नुसती सरसर वाढली असेल तर बहुधा व्हॉल्व्ह थकलाय. माइक चालू करून वीस मिनिटं तरी थांबल्याशिवाय मात्र हा निकाल देऊ नका. व्हॉल्व्ह तापायचा असतो. गार माइकची तुलना तापलेल्या माइकशी करणं अन्याय आहे.

वीज जोडण्याआधी

४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) १९६६ पासूनचा. त्याआधीचे व्हॉल्व्हचे माइक स्वतःच्या पेटीवर चालतात, त्यांना फँटम बंद ठेवा. काही जुन्या माइकना १२ व्होल्टची टी-पॉवर (केबलमधून वेगळ्या पद्धतीने जाणारी वीज) लागते, त्यांना फँटम दिला तर माइक जळू शकतो. अमेरिकेतून आलेली पेटी ११७ व्होल्टची आहे का, हे प्लग लावण्याआधी वाचा. आपल्या २३० व्होल्टवर ती क्षणात जाते आणि सोबत माइकलाही नेते.

विकत घ्यायचा असेल तर

जुना माइक बघायला जाताना हेडफोन आणि लॅपटॉप सोबत न्या. माइक तापू द्या, गेन चढवा आणि कुणीही न बोलता दहा मिनिटं रेकॉर्ड करा. त्या दहा मिनिटांत तडतड, सरसर, हम सगळं बाहेर येतं. मग चारही बाजूंनी सारख्या अंतरावरून एकच ओळ गाऊन बघा. कार्डिऑइडवर मागची बाजू नीट दबते का? दबत नसेल तर कॅप्सूलचा एक पडदा गेलेला असू शकतो. विकणाऱ्याने "पावसाळ्यात थोडं होतं असं" म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा आणि तोच माइक सप्टेंबरातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी पुन्हा ऐकायला जा.