चार बोटं वर घ्या आणि थांबा

पहिल्यांदा ट्रकमधून लेथ मशीन (धातू फिरवून कापायचं यंत्र) उतरवायला उभा राहिलो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त वजन होतं. मशीन १२०० किलोचं, साखळी ओढून वजन उचलायचा चेन ब्लॉक २ टनांचा, म्हणजे काळजी मिटली. साखळी ओढली, मशीन वर सुटलं आणि हेडस्टॉकची (जॉब धरून फिरवणाऱ्या भागाची) बाजू झपकन खाली गेली. मिस्त्री ओरडले, "थांब, खाली घे!" जेमतेम चार बोटं वर होतं म्हणून नुसतं टेकलं.

लेथचं वजन मधोमध नसतं. हेडस्टॉक, गिअर, मोटर सगळं एका टोकाला. म्हणून कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) उलट्या टोकाला सरकवून लॉक करायचे आणि मशीन उचलायचा बेल्ट बेडखालून, म्हणजे मशीनच्या लांब सांगाड्याखालून, हेडस्टॉकच्या जवळ घ्यायचा. लीडस्क्रूवर, म्हणजे कॅरेज सरकवणाऱ्या आट्यांच्या लांब दांड्यावर, बेल्टचा दाब येता कामा नये. तो एकदा वाकला की मशीनची अचूकता गेली. तिथे लाकडी ठोकळे घाला, धारेच्या कडांवरही काहीतरी जाड ठेवा. मग चार बोटं उचला, थांबा, बघा. कललं तर खाली टेकवून बेल्ट सरकवा. मला यात तीनदा खाली-वर करावं लागलं, तरी घाई करू नका.

बेल्टचा कोन नवीन मुलं हमखास विसरतात. बेल्टच्या दोन बाजू जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकीवर साधारण ६९० किलोचा ताण येतो. बेल्ट आखूड घेऊन कोन ३० अंशांवर आणलात, तर प्रत्येकीवर पूर्ण १२०० किलो! मशीन तेच, हूकही तोच.

ब्लॉक ज्या गर्डरला टांगलाय त्याची ताकदही विचारा. हूक बरोबर मशीनच्या डोक्यावर हवा, तिरकं ओढायचं नाही. हूकचं लॅच (तोंड बंद करणारी पट्टी) बंद झालंय ना, बोटाने दाबून बघा. हातसाखळी एकट्याला ओढेना तर दुसऱ्याला हाताला घेऊ नका, कारण शोधा. बरेचदा मशीन फळीला बोल्टने आवळलेलंच असतं.

मशीन अधांतरी असताना ट्रक हळू पुढे काढायचा. झोके आवरायला दोरी बांधा, हाताने धरू नका आणि खाली कुणी म्हणजे कुणीच नको. उतरवताना आधी जाड ठोकळे मांडून ठेवा, म्हणजे मशीन त्यांवर बसल्यावर बेल्ट मोकळा निघतो. ठोकळा हलवायचा असेल तर पहारीच्या टोकाने. बोटांनी नाही.