तळ्याचे पाणी हिरवे पडले असेल तर पालेभाजीच्या पानावर घालू नका

मे महिन्यात शेततळ्याची पातळी खाली जाते, पाणी तापते, वारा पडलेला असतो. त्यात एखादा वळीव येऊन वावरातले खत-माती तळ्यात आणून सोडतो आणि थोड्याच दिवसांत पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग धरतो. इंदापूर, करमाळ्याकडे उजनीच्या बॅकवॉटरवर अवलंबून असणाऱ्यांना हे नवे नाही. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून तिथे उतरते आणि त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसते.

सगळे शेवाळ घातक नसते. धोका आहे तो नील-हरित शेवाळाचा. नावाला शेवाळ, पण हे खरे तर जिवाणू आहेत. त्यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या प्रकारांतून मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावर घाव घालते. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभर पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे, यावरून अंदाज यावा.

ओळखायला लांब काठी पाण्यात फिरवा. काठीला केसासारखे धागे गुंडाळून आले तर ते साधे तंतुमय शेवाळ. ठिबक बंद पाडील, पण बहुधा विषारी नसते. काठीला नुसता हिरवा रंग माखला तर संशय घ्या. मग काचेची बरणी तळ्याच्या पाण्याने तीन-चतुर्थांश भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर नील-हरित शेवाळाची शक्यता मोठी. हे करताना रबरी हातमोजे घाला, अंगाला खाज-पुरळ उठते. विष आहे की नाही आणि किती, हे मात्र प्रयोगशाळेतच कळते. तोवर आहे असे धरूनच चाला.

आता मुख्य गोष्ट. असे पाणी तुषार किंवा रेनपाइपने पालेभाजीवर देऊ नका. स्कॉटलंडमधील संशोधकांनी 1999 मध्ये दाखवून दिले की मायक्रोसिस्टिस असलेले पाणी लेट्यूसवर फवारले तर त्याच्या पेशी आणि विष दोन्ही पानांवर टिकून राहतात. आपल्याकडची कोथिंबीर, मेथी, शेपू, पालक यांची पाने तितकीच उघडी असतात. तुषार बंद केला तरी दोन वाटा उरतात आणि त्यांकडे कोणाचे लक्ष नसते. एक, फवारणीचा पंप याच तळ्यातून भरला जातो. दुसरी, काढणीनंतर जुड्या याच पाण्यात बुडवल्या जातात आणि बाजाराला निघताना पोत्यावर तेच पाणी शिंपडले जाते. या दोन्ही कामांना विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणीच वापरा. शिजवल्याने हे विष जात नाही, त्यामुळे ‘भाजी उकळतातच की’ हा आधार धरू नका.

मुळावाटेही काही विष झाडात शिरते आणि रोपांची वाढ खुंटते, म्हणून रोपवाटिकेला हे पाणी नकोच. पालेभाज्या, मुळा, गाजर, बीट यांना धोका जास्त. टोमॅटो, दोडका, भेंडी यांच्या फळात तुलनेने कमी. चांगले पाणी थोडेच असेल तर ते पालेभाजीला राखा. हिरवे पाणी द्यावेच लागले तर फळभाजीला, मल्चिंगखाली (वाफ्यावरच्या आच्छादनाखाली) ठिबकने द्या. काढणीच्या तोंडावर आलेल्या पिकाला तेही नको.

मोटरचा फूटवॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या दोन-तीन फूट खाली लटकवा. वर तवंग असतो, तळाला गाळ. वाऱ्याने तवंग ज्या काठाला जमतो तिथून पाणी उचलू नका. सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर दोन्ही हवेत. बॅकवॉशचे, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचे पाणी परत तळ्यात किंवा वाफ्यात न सोडता वेगळ्या खड्ड्यात जिरवा.

शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याची घाई मात्र करू नका. दुकानदार हमखास तेच सुचवतो आणि पाणी निवळलेले पाहून आपणही खूश होतो. पण विष बहुतांशी जिवंत पेशीच्या आत असते. मोरचूदाने पेशी फुटल्या की ते पाण्यात विरघळते आणि सँड किंवा डिस्क फिल्टरला अडत नाही. तळ्यात ब्लिचिंग पावडर ओतली तरी हाच धोका. मोरचूद आधीच टाकला असेल तर पाणी कितीही स्वच्छ दिसो, किमान 2-3 आठवडे भाजीपाल्याला देऊ नका. काठावर वाळलेल्या तवंगात विष महिनोन्‌महिने टिकते, म्हणून तो खरवडून कंपोस्टमध्ये टाकू नका.

पुढच्या हंगामासाठी तळ्यावर शेडनेट ओढता आले तर उत्तम, बाष्पीभवनही वाचते. शेणस्लरी तळ्यात सोडणे बंद करा आणि वावराचे वाहते पाणी चर काढून बाहेर वळवा.

जनावरांना या तळ्यावर सोडू नका. पाणी पिऊन गाय-शेळी थरथरू लागली, झोकांड्या देऊ लागली किंवा चारा सोडून बसली, तर ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवा. जनावर कोणते पाणी प्यायले ते न विचारताच सांगा आणि त्या पाण्याची एक बाटली भरून गार जागी, अंधारात ठेवा.