नव्या शाळेचं ओरिएंटेशन: ओळख कशी करावी आणि ती पुढे कशी न्यावी

ओरिएंटेशनच्या दिवशी मैत्री होत नाही. त्या दिवशी फक्त ओळख होते, आणि पुन्हा भेटायचं काही कारण असेल तरच ती पुढे सरकते. म्हणून पहिल्या दिवसाची कामं तीनच ठेवा. शाळेची इमारत पायाखालून घालायची, तीन-चार नावं पक्की लक्षात ठेवायची आणि त्यातल्या एकाशी तरी उद्याची भेट ठरवायची. एवढं झालं तर दिवस चांगला गेला. घरी जाताना सोबत कोणी नसलं तरीही.

आदल्या आठवड्यात

शाळेच्या रस्त्याने एकदा तरी जाऊन या, आणि तेही शाळा भरायच्या वेळेलाच. दुपारी दहा मिनिटांत होणारा रस्ता सकाळच्या गर्दीत वीस मिनिटं घेतो. उशिरा, धापा टाकत वर्गात शिरणाऱ्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात, आणि त्याला बोलायला सुचायच्या आत तास सुरू होतो. सुट्टीत उशिरा उठायची सवय लागली असेल तर झोपण्या-उठण्याची वेळ रोज पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. आदल्या रात्री एकदम दोन तास लवकर आडवं झालं तर झोप येत नाही, नुसती कूस बदलत राहावी लागते.

पंधरा मिनिटं आधी पोचा

लवकर पोचायचा फायदा वक्तशीरपणापेक्षा मोठा आहे. सुरुवातीला आलेली मुलं एकेकटी असतात, हातात काही नसतं, कुठे बघावं कळत नसतं. तेव्हा कोणाशीही बोलता येतं. हॉल भरला की घोळके होतात, आणि घोळक्यात शिरणं एकट्या मुलाशी बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड. थोडा वेळ हाताशी असेल तर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, ऑफिस आणि आपला वर्ग एवढं शोधून ठेवा. यातलं काही सापडत नसेल तर उत्तमच. ‘पाणी कुठे आहे, माहितीये का?’ हा संवाद सुरू करायचा सगळ्यात सोपा प्रश्न आहे, आणि समोरच्यालाही माहीत नसेल तर दोघं मिळून शोधता येतं.

बसायची जागा विचार करून निवडा. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या होत्या. वर्षभराने पाहिलं तर शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची आपसातली मैत्री इतरांपेक्षा अधिक घट्ट होती. एका दिवसाची शेजारपाजारची जागा, तीही योगायोगाने मिळालेली, इतका फरक पाडते. म्हणून भिंतीकडेचा कोपरा टाळा, कारण तिथे शेजार एकाच बाजूला मिळतो. मधल्या रांगांपैकी एखादी धरा आणि एकट्या बसलेल्या कोणाच्या तरी बाजूची खुर्ची बघा. ‘इथे कोणी बसलंय का?’ एवढं विचारलं तरी पुरे.

पहिलं वाक्य

नुसतं नाव सांगितलं की समोरचाही नाव सांगतो आणि बोलणं तिथेच अडतं. नावाला एक दुवा जोडा, ज्याला धरून समोरच्याला पुढे काही विचारता येईल: ‘मी अमुक. या वर्षीच आलोय. मी चित्रं काढतो, इथे चित्रकलेचा तास कधी असतो?’ यात नाव आहे, आपण नवे आहोत हे आहे, आवड आहे आणि प्रश्नही आहे. चार आवडी एकदम सांगू नका. त्याची मुलाखत होते.

मग ऐका, आणि जे ऐकलं त्यातूनच पुढचा प्रश्न काढा. तो म्हणाला, ‘मी कबड्डी खेळतो,’ तर ‘हो? मी क्रिकेट खेळतो’ असं म्हणून गाडी आपल्याकडे वळवू नका. ‘चढाई करतोस की पकड?’ असं विचारा. हा दुसरा प्रश्न समोरच्याला सांगतो की हा खरंच ऐकतोय.

एक वाक्य मात्र पहिला महिनाभर कटाक्षाने टाळावं: ‘आमच्या शाळेत असं नव्हतं.’ जुन्या शाळेची आठवण येणं अगदी स्वाभाविक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ऐकणाऱ्याला त्यात ‘तुमची शाळा कमी’ असं ऐकू येतं. शिवाय ‘आमची शाळा’ म्हणजे अजून जुनीच, हेही त्याच्या लक्षात येतं. कोणी विचारलं तर जुन्या शाळेबद्दल मोकळेपणाने सांगा, तुलना करू नका.

नावं

नाव ऐकताच एकदा उच्चारा आणि संधी मिळताच वहीच्या शेवटच्या पानावर खुणेसकट लिहा. खूण कपड्यांची नको, उद्या ते वेगळे असतील. ‘खिडकीजवळ, डावखुरा, कॅरम खेळतो’ अशी खूण टिकते. संध्याकाळी ते पान एकदा वाचलं की दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारता येते, आणि तिने जेवढं जमतं तेवढं कुठल्याही गप्पांनी जमत नाही. नाव विसरलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सरळ विचारा: ‘नाव पुन्हा सांगशील?’ नव्या मुलाने असं विचारलं तर कोणाला राग येत नाही. तीन आठवड्यांनी विचारायला मात्र फार अवघड जातं, आणि मग मुलं नाव घ्यायची वेळच येऊ नये म्हणून त्या मुलालाच टाळू लागतात.

मधली सुट्टी

दिवसातला सगळ्यात जड भाग हा. तासाला जागा ठरलेली असते, सुट्टीत ती आपली आपण शोधावी लागते. बहुतेकांची चूक एकच होते: घंटा वाजल्यावर कोणाबरोबर जायचं याचा विचार सुरू करतात. तोवर शेजारचा उठून गेलेला असतो. विचारायचं ते घंटेच्या आधी, तासाच्या शेवटी वह्या आवरताना: ‘सुट्टीत सगळे कुठे बसतात? मी येऊ का बरोबर?’

घोळक्यात जायचं असेल तर ज्या घोळक्यात मुलं थोडी फाकून उभी आहेत तो निवडा. डोकी जवळ आणून हळू बोलणाऱ्यांचं काहीतरी खासगी चाललेलं असतं. कडेला उभं राहून अर्धा मिनिट ऐका आणि चालू विषयावरच एक लहान वाक्य बोला. विषय बदलू नका. खेळ चालू असेल तर मधेच ‘मला घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘पुढच्या डावाला मला घ्याल?’ असं विचारा. याला होकार सहज मिळतो, कारण चालू डाव मोडत नाही. नकार आला तर तो बहुतेक वेळा संख्येचा असतो, तुमचा नसतो. दुसरीकडे वळा, उद्या परत विचारा.

बोलायची धास्तीच वाटत असेल तर हाताला काम घ्या. खुर्च्या लावणं, वह्या वाटणं, फळ्यावर वेळापत्रक लिहायला मदत करणं. काम करताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, बोलायला विषय आपोआप मिळतो आणि गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही.

घरी आल्यावर ‘मी काय बावळटासारखं बोललो’ असं मनात घोळत राहतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावल्या. आपण समोरच्याला कितपत आवडलो याचा अंदाज लोकांनी प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधला होता. तेव्हा मनातल्या त्या निकालावर विश्वास ठेवू नका.

पुढचे आठवडे

निघताना ‘भेटू परत’ म्हणू नका. ‘उद्या पहिल्या तासाआधी गेटजवळ?’ असं ठिकाण आणि वेळ सांगून विचारा.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार साधी ओळख मैत्रीकडे झुकायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात आणि जवळच्या मैत्रीला 200 हून अधिक. त्यांनी अभ्यासली ती नव्या गावी आलेली प्रौढ माणसं आणि विद्यापीठातले नवे विद्यार्थी, त्यामुळे शाळकरी मुलांना हा आकडा जसाच्या तसा लावू नये. पण अंदाज येतो. वर्गात एका बाकावर बसलेला वेळ यात फारसा मोजता येत नाही, मोकळा वेळच कामाचा. रोजची अर्ध्या तासाची सुट्टी आठवड्याचे पाच दिवस धरली तर होतात अडीच तास. म्हणजे 50 तासांना वीस आठवडे! त्यात घरी जातानाचा पंधरा मिनिटांचा रस्ता रोज सोबत चाललात आणि आठवड्यातून दोनदा तासभर एकाच खेळाच्या किंवा गाण्याच्या सरावाला गेलात, तर होतात पावणेसहा तास. वीस आठवड्यांचे नऊ होतात. म्हणून दर आठवड्याला, ठरल्या वेळी, त्याच मुलांबरोबर होणारा एक तरी उपक्रम लवकर धरा. सगळीकडे थोडं थोडं जाणाऱ्याला ओळखी भरपूर मिळतात, तास कोणाबरोबरच साठत नाहीत.

पहिल्या दिवशीची जोडी महिन्याभरात सुटली तर मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला सगळेच मिळेल त्याचा हात धरतात, आणि आवडीनिवडी कळल्यावर गट नव्याने पडतात. त्या वेळी एकाच मुलाला चिकटून न राहता दोन-तीन जणांशी बोलणं चालू असलेलं बरं.

वर्षाच्या मध्यात प्रवेश घेतला असेल तर ओरिएंटेशन मिळत नाही. अशा वेळी वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की आठवडाभर एक सोबती नेमून द्या आणि दोन आठवडे जागा बदलू नका. हे मागण्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

पालकांसाठी

गेटवरचा निरोप छोटा ठेवा. संध्याकाळी ‘किती मित्र झाले?’ विचारलं की मुलाला परीक्षेचा निकाल मागितल्यासारखं वाटतं. ‘आज शेजारी कोण बसलं होतं?’ असं विचारा, उत्तर देता येतं. फक्त शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखत असेल, वस्तू हरवत किंवा मोडून येत असतील, किंवा महिना उलटूनही मूल एकही नाव घेत नसेल, तर वाट पाहू नका. चिडवणं आणि त्रास देणं चालू असेल तर तारीख, वेळ, जागा आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि ते टिपण घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. ‘मुलं त्रास देतात’ एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही. ‘मंगळवारी मधल्या सुट्टीत, जिन्याखाली’ असं सांगितलं की शिक्षक बुधवारी तिथे उभे राहू शकतात.