कोरलचा फ्रॅग दगडावर टिकतच नाही? या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममधे रात्री दगडावर चिकटवलेला फ्रॅग, म्हणजे कोरलचा (प्रवाळाचा) कापलेला छोटा तुकडा, सकाळी वाळूत उताणा पडलेला दिसला की सगळा राग ग्लूवर निघतो. मग महागातला ग्लू आणतात, परत तेच. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ग्लूचा दोष नसतोच, ग्लू आणि दगडाच्या मधे जे बुळबुळीत काहीतरी राहिलेलं असतं तेच सुटून येतं.

म्हणून आधी जागा साफ करा. नवा टूथब्रश घ्या, साबण न लागलेला, आणि जिथे फ्रॅग बसवायचाय तिथलं शेवाळ नीट खरवडून काढा. प्लगच्या, म्हणजे फ्रॅग ज्या छोट्या दांड्याच्या बैठकीवर बसवलेला येतो तिच्या, खालची बाजू टिशूने टिपून घ्या. दगड बाहेर काढून वाळवत बसायची गरज नाही, सायनोअ‍ॅक्रिलेट (म्हणजेच सुपरग्लू) ओलाव्यानेच सेट होतं. मात्र साधं पातळ सुपरग्लू नको, ते पाण्यात पसरतं आणि त्याचे पांढरे धागे टँकभर फिरतात. जाड जेलच घ्या.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. जेल पाण्यात गेलं की काही सेकंदांत त्यावर पांढरट साय धरते आणि लोक तो गोळा तसाच अलगद दगडावर टेकवतात. साय दगडाला लागते, आतला ताजा ग्लू दगडापर्यंत पोचतच नाही, मग कसा धरणार? त्यामुळे फ्रॅग टेकवला की जोर देऊन थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवायचा, साय फाटून आतलं जेल दगडाच्या भोकांमधे शिरलेलं हाताला कळतं, आणि मग अर्धा मिनिट तरी हात न हलवता धरून ठेवायचं. फक्त जेल कोरलच्या जिवंत भागावर येऊ देऊ नका, जिथे लागेल तिथला टिश्यू मरतो.

हे करताना पॉवरहेड (टँकमधे पाण्याचा प्रवाह फिरवणारा पंप) आणि रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टँकमधे परत आणणारा) बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी आठवणीने चालू करा. पंप चालू ठेवूनच चिकटवायची घाई करतात आणि फ्रॅग धड बसायच्या आत फ्लो त्याला हलवतो.

तुकडा मोठा किंवा वजनदार असेल, किंवा उभ्या बाजूला लावायचा असेल तर नुसत्या जेलवर विसंबू नका. दोन भागांची इपॉक्सी पटी (putty, मळून लावायचा घट्ट लगदा) येते, अ‍ॅक्वेरियमसाठी सेफ लिहिलेली बघून घ्या, आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळा. पटी नुसती लावली तर दगडाला चिकटत नाही, खाचेत अडकून राहते एवढंच, म्हणून आधी जेल, मग पटी, वर परत जेल असं सँडविच करा. पटी लावल्यावर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढून कप भरतो, ते नॉर्मल आहे, थोडा वेळ कमी करा किंवा बंद ठेवा.

प्लगचा दांडा तसाच ठेवून सपाट दगडावर बसवायला जाऊ नका, बोन कटरने (कोरल कापायच्या मजबूत कात्रीने) तो कापा. आणि जागा ठरवताना शेजारी बघा, युफिलिया आणि गॅलेक्सिया ही कोरल रात्री लांब सोंडा काढून बाजूच्या कोरलला डंख मारतात, अर्धा फूट तरी अंतर हवं. सगळं नीट करूनही तुकडा पडत असेल तर रात्री टॉर्च मारून बघा, मोठी टर्बो गोगलगाय किंवा समुद्री अर्चिन ढकलताना सापडेल.

हातमोज्यांचं मनापासून सांगतो. झोअँथिड आणि पॅलिथोआ या कोरलसारख्या जीवांमधे पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, जे खरंच घातक आहे. नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि चष्मा घाला, हे जीव असलेला दगड ब्रशने घासू नका आणि कधीही उकळू नका. कापडी ग्लोव्ह्जही नकोत, सुती कापडावर सुपरग्लू सांडलं की एकदम तापतं आणि चटका बसतो.

आणि फ्रॅग आणायचा कुठून? मालवणच्या समुद्रातून अजिबात नाही. कडक सांगाड्याचे कोरल वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल 1 मधे आहेत, समुद्रातून तोडणं गुन्हा आहे.

मशरूम कोरल मात्र ग्लूने बसवायच्या भानगडीतच पडू नका, ते चिकट स्राव सोडतं आणि निसटतं. छोट्या डब्यात बारीक दगडाचे खडे टाका, वर मशरूम ठेवा, तोंडाला जाळी बांधा आणि कमी फ्लोच्या कोपऱ्यात ठेवून द्या. ते स्वतःच एखाद्या खड्याला धरतं, मग तो खडा जेलने हवा तिथे लावा.